कमी इंटरनेटचे विद्यापीठ आणि अफगाण विद्यार्थिनी

२० डिसेंबर २०२२ रोजी अफगाणिस्तानचे उच्चशिक्षणमंत्री निदा मोहम्मद नदीम यांच्या सहीचे पत्र देशातल्या सगळ्या सरकारी आणि खासगी विद्यापीठांना गेले. पुढील सूचना मिळेपर्यंत मुलींचे शिक्षण स्थगित ठेवावे, असा त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी काबूलमध्ये विद्यापीठांच्या फाटकांवर पहारा बसला आणि पुस्तके घेऊन आलेल्या मुली बाहेरूनच परतल्या. युनेस्कोच्या आकड्यांनुसार या एका पत्राने एक लाखाहून अधिक विद्यार्थिनींचे शिक्षण थांबले. २००१ मध्ये तिथे उच्चशिक्षण घेणाऱ्या स्त्रिया सुमारे पाच हजार होत्या. वीस वर्षांत तो आकडा लाखावर गेला होता. 'पुढील सूचना' अजूनही यायची आहे.

बंदीनंतर ज्या संस्थांकडे अफगाण मुली वळल्या, त्यांत अमेरिकेतल्या पॅसाडेना इथल्या 'युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल'चे नाव ठळक आहे. इमारत नाही, व्याख्याने नाहीत, शैक्षणिक कारभाराचा मोठा भाग स्वयंसेवकांवर. अशा उपक्रमाचे नाव काढले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. एक गहिवराची, दुसरी 'ऑनलाइन शिकून कुठे काय होते' अशी. या प्रकरणात दोन्ही अपुऱ्या पडतात. माझे म्हणणे असे की या विद्यापीठाला अफगाण मुलींपर्यंत पोचता आले ते मुख्यतः त्याच्या काटकसरी रचनेमुळे, आणि ते जिथे तोकडे पडते तिथेही कारण बहुतेक वेळा तीच काटकसर आहे.

पत्राआधीचे सोळा महिने

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतले. सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलग्यांसाठी. विद्यापीठे मात्र मुलींना लगेच बंद झाली नाहीत. वेगळे वर्ग, मध्ये पडदे, वेगळ्या वेळा, डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख अशा अटींवर त्या शिकत राहिल्या. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार असे जाहीर झाले, मुली वर्गात जाऊन बसल्या, आणि काही तासांतच त्यांना घरी पाठवले गेले. त्या सकाळी अनेक घरांना जे कळायचे ते कळले.

तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये हजारो मुली कानकोर, म्हणजे तिथली विद्यापीठ प्रवेश परीक्षा, द्यायला बसल्या. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, शेती, पशुवैद्यक अशा विषयांच्या वाटा त्यांच्यासाठी आधीच अडवल्या होत्या. त्याच्या काही दिवस आधी, ३० सप्टेंबरला, काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या काज शिकवणी केंद्रात सराव परीक्षा चालू असताना आत्मघाती हल्ला झाला. पन्नासहून अधिक जण मारले गेले. त्यांत बहुतेक हजारा या शिया अल्पसंख्य समाजातल्या मुली होत्या. हा हल्ला तालिबानने केला असे म्हणता येत नाही. पण 'या मुलींना शिकायची खरोखर किती आस आहे' असे कोणी विचारले, तर त्यानंतरही परीक्षेला बसलेल्या मुलींकडे बोट दाखवता येते.

युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलने अफगाण स्त्रियांसाठी सुरुवातीला १,००० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या त्या २०२१ मध्येच. म्हणजे डिसेंबर २०२२ चे पत्र निघाले तेव्हा दार आधीच किलकिले होते. पत्रानंतर अर्जांचा लोंढा आला. विद्यापीठाने दिलेल्या आकड्यांनुसार अर्ज दहा हजारांच्या बरेच पुढे गेले आणि प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. या दोन आकड्यांमधल्या दरीकडे पुढे यावे लागेल.

गरिबीसाठी केलेली रचना बंदिवासाला कशी चालली

हे विद्यापीठ २००९ मध्ये शाय रेशेफ या इस्रायली शिक्षण-उद्योजकाने सुरू केले. त्याआधी त्यांनी शिकवणी वर्गांचा आणि ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणाचा व्यवसाय केला होता, त्यामुळे विद्यापीठाचा खर्च नेमका कुठे होतो हे त्यांना माहीत होते. त्यांनी एकेक गोष्ट काढून टाकली. इमारत काढली. पाठ्यपुस्तके काढली आणि त्यांच्या जागी इंटरनेटवर मोफत उपलब्ध असलेले खुले साहित्य घेतले. शिकवणीशुल्क काढले. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे व्हिडिओ काढला. जगात ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट नाही अशांसाठी हे विद्यापीठ असल्याने वर्ग मजकुरावर चालावा, असे ठरले. वाचायचे, लिहायचे, एकमेकांच्या लिखाणाला लिहून उत्तर द्यायचे.

२००९ मध्ये हे ठरवणाऱ्यांच्या मनात काबूल असण्याचे कारण नव्हते. पण आता बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये तालिबानने सद्गुणप्रसार आणि दुर्गुणप्रतिबंधाचा पस्तीस कलमांचा कायदा प्रसिद्ध केला. त्यात स्त्रीचा चेहरा झाकलेला असावाच, पण तिचा आवाजही परक्यांच्या कानी पडू नये, असे आले. ज्या वर्गात ना कॅमेरा लावावा लागतो ना माइक, त्या वर्गात बसलेली मुलगी शेजाऱ्याला ऐकू येत नाही. ती मोबाइलवर काहीतरी वाचते आहे, एवढेच दिसते. झूमवर ठरलेल्या वेळी भरणाऱ्या वर्गात ही सोय नाही. तिथे घरात शांतता हवी, त्या तासाला वीज हवी, डेटा हवा, आणि बोलायची वेळ आली तर बोलावे लागते.

वेळापत्रकाचेही तसेच. इथे एक सत्र नऊ आठवड्यांचे असते, वर्षाला पाच सत्रे. आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि बुधवारी रात्री ११.५५ ला संपतो, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या प्रमाणवेळेने. काबूलचे घड्याळ साडेनऊ तास पुढे. म्हणजे तिथे शेवटची मुदत गुरुवारी सकाळी ९.२५ ची. या सात दिवसांत नेमलेले वाचन करायचे, चर्चेत आपले उत्तर लिहायचे, निदान तीन सहाध्यायांच्या उत्तरांवर अभिप्राय द्यायचा, लेखी काम पाठवायचे आणि 'लर्निंग जर्नल' नावाची नोंदवही भरायची. काम बरेच आहे, आठवड्याला विषयामागे पंधरा-वीस तास सहज जातात. पण ते कधी करायचे हे विद्यार्थिनीच्या हातात असते. रात्री दोनला वीज आली तर दोनला. भावाचा फोन तो झोपल्यावर मिळत असेल तर तेव्हा. काबूलची बरीचशी वीज उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानकडून येते आणि हिवाळ्यात तुटवडा ठरलेलाच. अशा ठिकाणी 'कधीही' या शब्दाला पैशाइतकेच मोल आहे.

चर्चेच्या वर्गात वीस-तीस जण असतात आणि ते जगभर विखुरलेले. मजार-ए-शरीफमधल्या मुलीच्या व्यवसायनीतीवरच्या उत्तराला नायजेरियातला बँक कारकून किंवा अमेरिकेत स्थायिक झालेली सीरियन निर्वासित उत्तर देते. घराबाहेर पडायला महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत लागतो अशा मुलीला हे लोक भेटण्याची दुसरी कुठली जागा नाही. पदवीपेक्षा या गोष्टीची नोंद कमी घेतली जाते, मला ती मोठी वाटते.

स्वयंसेवक म्हणजे कोण

'स्वयंसेवकांचे विद्यापीठ' हे अर्धे खरे आहे. अधिष्ठाता, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्या, सल्लागार या वरच्या फळीत मोठमोठ्या विद्यापीठांतले प्राध्यापक विनामूल्य काम करतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न बिझनेस स्कूलचे रसेल वायनर यांनी इथल्या व्यवसाय प्रशासन विभागाचे अधिष्ठातापद सांभाळले, तर त्याच संस्थेचे अलेक्झांडर तुझिलिन यांनी संगणकशास्त्राचे. प्रत्यक्ष वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना नाममात्र मानधन असते. तांत्रिक व्यवस्था, प्रवेश, विद्यार्थी सल्ला इथे पगारी माणसे आहेत. फक्त सदिच्छेवर लाखाच्या घरात विद्यार्थी सांभाळता येत नाहीत. दर गुरुवारी नवा आठवडा सुरू व्हायचा तर कोणाला तरी ती नोकरी म्हणून करावी लागते.

शुद्ध स्वयंसेवी नमुना बघायचा असेल तर हेरात ऑनलाइन स्कूलकडे बघावे. अंजेला गयूर या ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अफगाण शिक्षिकेने २०२१ मध्ये ती सुरू केली. टेलिग्राम आणि स्काइप एवढ्याच साधनांवर. बघता बघता चारशेहून अधिक स्वयंसेवक शिक्षक आणि हजाराच्या आसपास विद्यार्थिनी जमल्या. गणितापासून संगीत, स्वयंपाक, चित्रकलेपर्यंत वर्ग. शिकवणारे बरेचसे इराणी किंवा अफगाण, फारसीत बोलणारे. इथे ऊब आहे, आपली भाषा आहे. पण पदवी नाही, आणि स्वयंसेवकाला नोकरी लागली, बाळ झाले किंवा तो थकला की वर्ग थांबतो. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलमध्ये उलट आहे. तिथे शिक्षक बदलला तरी विषयाचा आराखडा आठवड्यागणिक आधीच लिहिलेला असतो, म्हणून वर्ग चालू राहतो. ऊब मात्र नशिबावर. एखादा शिक्षक प्रत्येक नोंदवहीला परिच्छेदभर उत्तर लिहितो, दुसरा 'छान' लिहून पुढे जातो.

आणि बरीच वर्षे गुणांचा मोठा वाटा सहाध्यायांच्या हातात असे. लेखी काम तीन सहाध्यायी निनावी तपासत. हे करावे लागे, कारण तपासायला पगारी माणसे ठेवली तर शिकवणीशुल्क न घेता विद्यापीठ चालवणे कठीण. यावर जगभरच्या विद्यार्थ्यांची कुरकुर असे आणि ती रास्त होती. घाईत तपासणारा सहाध्यायी चांगल्या कामालाही कमी गुण देऊन मोकळा होई. शिक्षकाकडे दाद मागता येई, पण दाद मागायला इंग्रजीत ठामपणे भांडता यावे लागे.

दहा हजार अर्ज आणि दोन हजार प्रवेश

ही दरी कशाने पडते, याची मला दिसणारी कारणे अशी.

पहिले कारण इंग्रजी. अरबी आणि स्पॅनिशमध्ये काही शिक्षणक्रम आहेत, दरी किंवा पश्तो या अफगाण भाषांत नाहीत. मजकुरावर चालणाऱ्या वर्गात भाषा कच्ची असेल तर झाकता येत नाही; बोलण्यात हातवारे, हसू, अर्धवट वाक्ये चालून जातात, लिहिण्यात प्रत्येक चूक समोर राहते. २००१ ते २०२१ या काळात काबूल, हेरात, मजारमध्ये गल्लोगल्ली इंग्रजीचे खासगी वर्ग होते. तिथे गेलेल्या मुलींना ही भिंत ओलांडता येते. हेल्मंड किंवा उरुझगानच्या खेड्यात असा वर्ग कधी नव्हताच. म्हणून ज्यांच्यासाठी हे दार उघडले असे आपण समजतो, त्यांतल्या सर्वात वंचित मुली दारापर्यंत येतच नाहीत. तशातच अफगाणिस्तानात इंटरनेट वापरणारे पाचांतल्या एकापेक्षाही कमी, आणि त्यांतही पुरुष जास्त.

दुसरे पैसे. शिकवणीशुल्क नसले तरी अर्जाचे ६० डॉलर आणि प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाचे शंभर-दीडशे डॉलर लागतात. पदवीला चाळीस विषय. हिशेब करा, रक्कम चार-सहा हजार डॉलरांत जाते. अमेरिकेत ती नगण्य. काबूलमध्ये, जिथे शिक्षिकेचा पगार महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास असायचा, ती डोळे पांढरे करणारी आहे. म्हणून शिष्यवृत्तीशिवाय इलाज नाही, आणि शिष्यवृत्त्या देणगीदारांच्या मनावर. शिवाय पैसे असले तरी पाठवायचे कसे? २०२१ नंतर अफगाण मध्यवर्ती बँकेची सुमारे ७ अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिकेत गोठवली गेली, बँका कोलमडल्या, पेपाल तिथे चालतच नाही. हवालाने पैसे काबूलला येतात. विद्यापीठाचे शुल्क हवालाने भरता येत नाही.

तिसरे कागद. बारावीचे प्रमाणपत्र, त्याचे प्रमाणित भाषांतर, ओळखपत्र. अनेक स्त्रियांकडे तझकिरा, म्हणजे तिथले राष्ट्रीय ओळखपत्र, नाही. ज्या शाळेतून प्रमाणपत्र घ्यायचे तिथे जायला महरम हवा, आणि कार्यालयात बसलेला माणूस विचारणार की आता हे कशाला हवे. पुढे काही विषयांच्या अंतिम परीक्षेला निरीक्षक लागतो: एकतर विश्वासू स्थानिक व्यक्ती किंवा कॅमेऱ्यावरून लक्ष ठेवणारी सेवा. चेहरा आणि आवाज नसलेला वर्ग इथे येऊन थांबतो. परीक्षेची विश्वासार्हता टिकवायची तर ओळख पटवावी लागणारच, आणि जिची ओळख उघड होणे धोक्याचे आहे तिलाच ती पटवायची आहे. यावर कोणाकडेही सोपे उत्तर नाही. अमेरिकी विद्यापीठात, तेही इस्रायली माणसाने स्थापलेल्या, नाव नोंदवले आहे हे मोबाइल तपासणाऱ्या नाक्यावरच्या पोराला कळले तर काय होईल, हा विचार प्रत्येक घर करत असणार.

मोजणीबद्दल एक तक्रार नोंदवतो. बातम्यांत नेहमी 'इतक्या हजारांनी प्रवेश घेतला' असे येते. या विद्यापीठात आलेली विद्यार्थिनी लगेच पदवीची विद्यार्थिनी होत नाही. ऑनलाइन कसे शिकावे याचाच एक विषय आणि इतर पायाभूत विषय उत्तीर्ण झाल्यावर ती पदवीच्या वाटेला लागते. दूरशिक्षणात गळती जगभर मोठी असते, आणि ती नेमकी पहिल्या दोन-तीन सत्रांत होते. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर काम केलेल्या कोणालाही हे नवे नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न हा की किती जणी दुसऱ्या वर्षात पोचल्या. देणगीदारांनीही हाच विचारायला हवा, कारण शिष्यवृत्तीचा एक भाग डेटा पॅक आणि इंग्रजीच्या मदतीवर खर्च केला तर तो आकडा वाढू शकतो.

जे पडद्यावर शिकवता येत नाही

पदव्या आहेत व्यवसाय प्रशासन, संगणकशास्त्र, आरोग्यशास्त्र यांच्या. शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. यांतल्या 'आरोग्यशास्त्र' या नावाने गैरसमज होऊ शकतो. ती सार्वजनिक आरोग्याची पदवी आहे, तिने कोणी परिचारिका किंवा सुईण होत नाही.

आणि अफगाणिस्तानला आत्ता सर्वात तातडीने हव्यात त्या सुइणी. आशियात मातामृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांपैकी तो एक. स्त्रीला पुरुष डॉक्टरने तपासू नये असा दंडक जिथे कडक होत चालला आहे, तिथे स्त्री वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा ओघ आटवायचा, हे तर्काच्या कुठल्याही कसोटीवर उतरत नाही. तरी डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला तालिबानने वैद्यकीय संस्थांमधले मुलींचे सुईणकाम आणि परिचर्येचे वर्गही बंद केले. विद्यापीठे बंद झाल्यावर मुलींना उरलेली ही जवळजवळ शेवटची पळवाट होती. अडलेल्या बाळंतिणीला कसे सोडवायचे हे चर्चेच्या धाग्यावर लिहून येत नाही. इथे ऑनलाइन शिक्षणाची हद्द संपते, आणि ती संपते हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ऑनलाइन वर्ग आहेतच, मग बंदीने एवढे काय बिघडले, असा युक्तिवाद करायला निमित्त मिळू नये म्हणून तर नक्कीच.

प्रयोगशाळेच्या बाबतीत एक अपवाद आठवतो. उत्तर अफगाणिस्तानातल्या एका विद्यार्थिनीने आयआयटी मद्रासची रासायनिक अभियांत्रिकीतली एम.टेक. २०२३ मध्ये घरूनच पूर्ण केली. तालिबान आल्यावर तिला भारतात येता आले नव्हते. नातेवाइकांकडून आणलेले दोन बीकर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांवर तिने प्रयोग केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. कौतुक करावे तेवढे थोडे. पण धोरण अशा अपवादांवर बांधता येत नाही.

तालिबानच्या सप्टेंबर २०२५ मधल्या निर्णयाने पडद्याचाही भरवसा गेला. 'अनैतिकता रोखण्यासाठी' आधी बल्ख आणि मग इतर प्रांतांतले फायबर इंटरनेट बंद करण्यात आले, आणि २९ सप्टेंबरला देशभर इंटरनेट आणि मोबाइल सेवा दोन्ही कोसळल्या. विमाने अडली, बँका थांबल्या, परदेशातल्या अफगाणांना आईवडिलांशी बोलता येईना. सुमारे अठ्ठेचाळीस तासांनी, १ ऑक्टोबरला, सेवा परत आली. व्यापाऱ्यांचे आणि खुद्द सरकारचेच काम अडल्यामुळे ती आली असावी; मुलींच्या अभ्यासासाठी नक्कीच नाही. २९ सप्टेंबर २०२५ सोमवार होता. ज्यांचा आठवडा बुधवारी रात्री संपतो, त्यांच्या हातच्या शेवटच्या तीन दिवसांतले दोन गेले. मुदतवाढ मिळू शकते, पण ती मागायलाही इंटरनेट लागते. मोजक्या एमबीत चालणारा वर्ग शून्य एमबीत चालत नाही.

याच महिन्यात विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून ६८० पुस्तके काढायला सांगितले गेले, त्यांतली सुमारे १४० स्त्रियांनी लिहिलेली. मुलगे ज्या वर्गात अजून बसतात तोही वर्ग आता पूर्वीचा राहिलेला नाही.

पदवी कोणाच्या दारात चालते

युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलला अमेरिकेत २०१४ मध्ये दूरशिक्षणाची राष्ट्रीय पातळीवरची मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या प्रतिष्ठित विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या मंडळाचीही. कागदावर ही मोठी झेप आहे. आता तिथल्या पदवीधराला पुढच्या शिक्षणासाठी पूर्वीइतके हात जोडावे लागणार नाहीत. पण अफगाण विद्यार्थिनीसाठी त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने अफगाण नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली. पदवीचे वजन वाढले त्याच वर्षी ती घेऊन जायचे एक मोठे दार लागले. देशात तर ती दाखवायची कुठे? स्वयंसेवी संस्थांत काम करायला स्त्रियांना २४ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे, सरकारी कार्यालयांतून बहुतेकींना आधीच घरी पाठवले आहे. उरते ते घरून करायचे काम: भाषांतर, प्रोग्रामिंग, हिशेब लिहिणे. ग्राहक परदेशात आणि मोबदला कोणा काकाच्या खात्यातून हवालाने.

इथे इराणमधल्या बहाई या अल्पसंख्य धर्माच्या समाजाचा दाखला उपयोगी पडतो. इस्लामी क्रांतीनंतर बहाई तरुणांना विद्यापीठांची दारे बंद झाली, तेव्हा १९८७ मध्ये त्यांनी 'बहाई इन्स्टिट्यूट फॉर हायर एज्युकेशन' सुरू केली. नोकरीवरून काढलेले बहाई प्राध्यापक विनामूल्य शिकवत. आधी टपालाने, घरांच्या दिवाणखान्यांत, नंतर ऑनलाइन. १९९८ आणि २०११ मध्ये धाडी पडल्या, शिकवणारे तुरुंगात गेले. इराण सरकार त्या पदवीला काडीची किंमत देत नाही. तरी परदेशांतल्या कितीतरी विद्यापीठांनी एकेक पदवीधर पाहून प्रवेश दिले आणि हळूहळू त्या न मान्य पदवीला वजन आले. तिथे संस्था पीडितांची स्वतःची होती, आणि ती जवळजवळ चाळीस वर्षे टिकायला हेच कारण झाले असावे. अफगाणिस्तानातही असे घडून गेले आहे: पहिल्या तालिबान राजवटीत हेरातमध्ये 'सुवर्णसुई' नावाच्या शिवणवर्गाच्या आडोशाने विद्यापीठातले प्राध्यापक मुलींना साहित्य शिकवत. पॅसाडेनाचे विद्यापीठ या परंपरेतले नाही. ते बाहेरून आलेले आहे, आणि देणगीदारांचे लक्ष युक्रेन, गाझा, सुदानकडे वळले की शिष्यवृत्त्यांचे काय, ही टांगती तलवार कायम आहे.

भारताचा भाग

पुण्यात अफगाण विद्यार्थी ही नवलाई नव्हती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि आसपासच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे ते शिकत, बरेचसे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि सुट्टीत घरी गेलेले कित्येक विद्यार्थी तिकडेच अडकले. पुढे २०२३ मध्ये परिषदेने अफगाण नागरिकांसाठी भारतीय विद्यापीठांतल्या ऑनलाइन पदव्यांच्या १,००० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. योजना चांगली, आणि भारतीय पदवी त्या प्रदेशात ओळखीची. फक्त आपल्याकडच्या ऑनलाइन पदव्या बहुतेक व्हिडिओ व्याख्यानांवर उभ्या आहेत. मजकुरावर चालणारा, कमी डेटाचा पर्याय त्यांनी दिला तर काबूलइतकाच तो गडचिरोलीलाही उपयोगी पडेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेत स्त्री पत्रकार नव्हत्या. ओरड झाल्यावर दुसरी घेतली आणि त्यांना पुढे बसवले. तिथे त्यांनी सांगितले की स्त्रीशिक्षण आम्ही धर्मबाह्य ठरवलेले नाही, पुढच्या आदेशापर्यंत ते थांबवले आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पत्रातलेच वाक्य. तालिबानमध्ये सगळे एकमताचे आहेत असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई यांनी जाहीर भाषणात बंदीला अन्याय म्हटले आणि त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला.

बारावीचा कागद

या प्रकरणात मला सर्वात गंभीर वाटणारी अडचण अजून बातम्यांत फारशी आलेली नाही. विद्यापीठाला प्रवेशासाठी बारावी लागते. मुलींची बारावीची शेवटची मोठी परीक्षा डिसेंबर २०२२ मध्ये झाली, तीही वर्षभर वर्ग बंद असताना अचानक घेतलेली. त्यानंतर मुलींच्या हाती हे प्रमाणपत्र जवळजवळ पडलेलेच नाही. म्हणजे ज्या मुली आज अर्ज करू शकतात तो साठा २०२२ मध्येच गोठला आणि दरवर्षी तो वयाने वाढतो आहे, लग्न-मुलांत अडकतो आहे, देश सोडतो आहे. २०२१ मध्ये जी सहावीत होती, ती सरळ शिकली असती तर २०२७ च्या अखेरीस बारावी झाली असती. ती तेव्हा अठराची असेल, कदाचित टेलिग्रामवरच्या वर्गांतून इंग्रजी आणि गणित शिकलेली असेल, आणि तिच्याकडे दाखवायला एकही कागद नसेल.

याला उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्राला परके नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने अनेक वर्षे बारावी न झालेल्यांसाठी 'पूर्वतयारी' शिक्षणक्रम चालवला. वयाची अट पूर्ण करायची, काही महिने अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची आणि थेट पदवीला जायचे. शाळा सुटलेल्या कितीतरी गृहिणी त्या वाटेने पदवीधर झाल्या. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलचे पायाभूत विषय या कामाला जवळपास तयारच आहेत. बारावीच्या कागदाऐवजी ते उत्तीर्ण होणे ही प्रवेशाची अट करायची, तर मान्यता देणाऱ्या मंडळाची परवानगी लागेल, आणि ती मिळवायला एक-दोन वर्षे जातील. २०२७ च्या आत ती मिळायची असेल तर अर्ज आत्ताच करायला हवा.